दोघं आत, एक बाहेर

"हळू चाल गं. खंड्याने पाहिलं तर आजचा दिवस पाण्यात," नवरा पुटपुटला. चाळीस वर्षं तो हेच पुटपुटत होता, आणि चाळीस वर्षं पाचोळा त्याच्याच पायाखाली वाजत होता.

नदीकाठी कापडाचं लपण होतं. समोर मातीचा कडा, कड्यात मुठीएवढं बीळ, बिळात खंड्याची पिल्लं. रीत ठरलेली. लपणात दोघांनी शिरायचं आणि एकाने बाहेर पडून, मुद्दाम खोकत, उघड्यावरून चालू लागायचं. पक्ष्यांना मोजता येत नाही. माणूस टळला असं समजून ते कामाला लागतात. कॅमेरा घेऊन आत राहायचा तो, बाहेर पडायची ती. गरुडापासून टिटवीपर्यंत सगळ्यांनी तिची पाठ पाहिली होती. त्या पाठीमागे काय घडायचं, ते मात्र तिने वर्षभराने पडद्यावर पाहायचं, चारचौघांत बसून.

आता फिल्मचा एकच शॉट उरला होता: पिल्लाची बिळातून पहिली झेप. पिल्लं आज नाहीतर उद्या उडणार होती. आणि पंधरा दिवसांचं सगळं चित्रण पुसट आलं होतं. एडिटिंग करणारी मुलगी म्हणाली, "धुकं असेल, बाबा." जावयाने लेन्सवर संशय घेतला. लेन्स दोनदा दुरुस्तीला जाऊन आली. दुरुस्तीवाल्याला काही सापडेना, त्याने बिचाऱ्याने दोन्ही वेळा नुसती पुसून दिली. "वाऱ्याने स्टँड हलला असेल," म्हणून तिनेही आपला हातभार लावला होता. ऑटोफोकसचं तर नाव काढायची सोय नव्हती. "त्या यंत्राला गवताची काडी आणि चोच सारखीच," तो म्हणायचा.

आज तो कॅमेऱ्याला डोळा लावून बराच वेळ बसला. फोकसची रिंग पुढे फिरवली, मागे फिरवली. तिची निघायची वेळ झाली होती. ती वाकून उठणार, तेवढ्यात तो म्हणाला, "जरा बघतेस? लेन्सवर वाफ धरलीय बहुतेक."

असं त्याने कधीच विचारलं नव्हतं.

तिने डोळा लावला. सगळं दुधाळ. तिने रिंग केसभर फिरवली. बिळाची कड उमटली, मातीवरचे नखांचे ओरखडे उमटले, आणि आतल्या अंधारात एक चोच हलली.

"अगंबाई! हिच्या टोकाला पांढरा ठिपका आहे."

"पिल्लांना असतो तो." मग तिच्याकडे वाकून, "दिसतोय तुला?"

"लख्ख."

खिशातून लेन्स पुसायचं मऊ फडकं काढून त्याने तिच्यापुढे धरलं. तिने ते नुसतं घेतलं, लेन्सवर एकदा फिरवलं, तरी आजचा दिवस निभावला असता.

चोच पुढे सरकली. मागून दुसरी आली. तिने डोळा काढला नाही.

"फडकं ठेवा खिशात. वाफबीफ काही नाहीये. तुम्हाला दिसत नाही हो आता," ती हलक्या आवाजात म्हणाली. "निघा बघू तुम्ही. आणि जाताना खोकायला विसरू नका."