गजरातली धडधड

झेंडूची फुलं द्वारका चौकातल्या फूलबाजारात पोचवून लहानूबाबा काल्याच्या कीर्तनाला निघाले. त्यांच्या खिशात रुमाल ठेवताना बायकोला सकाळची बीपीची गोळी सापडली. “अहो, ही घेतली नाय?” “नाय घेणार. ही चालू झाल्यापासून गजराला छाती धडधडत नाय. आधी धडधडली की वाटायचं, देव आत आला. आता मी नुसता ओंडक्यागत बसतो.” “धडधड कमी करायलाच दिलीय ती. एकदम सोडली तर अटॅक येऊ शकतो, डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. आज घ्या, उद्या त्यांनाच विचारा.” “काय विचारू? देव भेटत नाय म्हणून?” “तेच विचारा. त्या हसल्या तर मी बघते.” बाबांनी गोळी गिळली. मांडवात गजर टिपेला पोचला. छाती शांतच होती. बाबांनी डोळे मिटून टाळ्यांचा ठेका धरला. गजर थांबला, माणसं खाली बसली. बाबा एकटेच उभे राहून टाळ्या वाजवत होते.