पट्टीवरचे बोट

चर्चमध्ये दुपारचे ऊन रंगीत काचांतून उतरून रिकाम्या बाकांवर पसरले होते. थोरला भाऊ ऑर्गनसमोर बसला, तेव्हा त्याचे हात निळे झाले. किंचित सरकला, तेव्हा तांबडे.

“तू कशाला आलास?” धाकट्याने खालच्या आवाजात विचारले.

“एकाने पट्टी दाबून धरायची, दुसऱ्याने ऑर्गनच्या आत शिरून त्याच्या नळ्या सुरात आणायच्या. आत गेल्यावर पट्टी काय नाकाने दाबणार होतास?”

“फादरना खरं सांगणार आहेस का?”

“दर रविवारी प्रार्थनेत तोंड भरून म्हणतो आपण, क्षमा करतो म्हणून. एकदा करून बघावं म्हटलं.” थोरल्याने बाह्या सावरल्या. “जा आता. ऊन कलायच्या आत उरक. हवा थंडावली की सूर उतरतो.”

धाकटा शिडीवर चढला आणि नळ्यांच्या दाटीत दिसेनासा झाला. तेवढ्यात फादर आले. थोरल्याच्या कानाशी वाकून ते मोठ्याने म्हणाले, “तुमच्या भावाने सांगितलं कानांचं. फार वाईट वाटलं. यापुढे हे काम तोच बघेल. बाकीच्या चर्चनाही आजच कळवून टाकतो, म्हणजे तुम्हाला उगाच कोणी बोलावणार नाही.”

थोरल्याने मान हलवली. त्याच्या कानांना काहीही झालेले नव्हते. काम आपल्याकडे यावे म्हणून, दादाला ऐकू येईनासे झाले असे धाकटा खोटेच बोलला होता, आणि हे दोघा भावांखेरीज कोणालाही ठाऊक नव्हते.

काम सुरू झाले. आतून लाकडावर दोन ठोके पडले की पुढची पट्टी घ्यायची, असे धाकट्याने आतून ओरडून फादरना सांगितले आणि त्यांनी ते थोरल्याच्या कानात घातले. ठोके बाकातून अंगाला जाणवतात. त्यासाठी कान लागत नाहीत.

एका पट्टीवर दोन नळ्या बोलतात. त्या नेमक्या जुळलेल्या नसल्या, तर आवाज फुगतो, ओसरतो, पुन्हा फुगतो. फरक जितका कमी, तितकी ही लाट संथ. फरक संपला की लाट थांबते. यात श्रद्धेचा काही संबंध नाही. कोणत्याही धर्माच्या, किंवा कोणताच धर्म नसलेल्या माणसाला हे ऐकू येते. तरी त्या दुपारी डोळे अर्धवट मिटून बसलेल्याला ती इमारतच झोपेत श्वास घेत आहे असे वाटले असते.

ठोके पडत गेले, पट्ट्या बदलत गेल्या. मग एका पट्टीवर लाट अजून चालू असतानाच दोन ठोके पडले.

थोरल्याने बोट उचलले नाही.

पुन्हा ठोके, जरा घाईचे.

“पुढची!” फादर ओरडले. “अहो, ठोके पडले! अरेरे, आता तेही कळेनासं झालं वाटतं.”

बोट तिथेच. लहानपणी धाकट्याला शिकवताना तो चुकला, तर थोरला एक अक्षर बोलत नसे. फक्त पट्टी सोडत नसे.

 मग आत, नळीच्या टोकावरच्या सूर जुळवायच्या पत्र्याच्या कड्यावर हलकी टिचकी पडली. लाट संथ झाली. आणखी एक टिचकी. लाट लांबली, पातळ झाली आणि नाहीशी झाली. उरला तो एकच सरळ सूर, दोघींपैकी कोणत्या नळीचा ते सांगता न येणारा.

आता थोरल्याने बोट उचलले.

त्या शांततेत नळ्यांमागून पुटपुटणे आले, “दादा, चुकलं माझं.”

फादरनी वर पाहिले. “काही म्हणाला का तो?” ते थोरल्याच्या कानाशी ओरडले.

“मला कुठे ऐकू येतं, फादर?” थोरला म्हणाला, आणि त्याने पुढची पट्टी दाबली.

नव्या दोन नळ्या बोलू लागल्या. लाट फुगत राहिली, ओसरत राहिली. टिचकी पडली नाही. “फादर, जरा थांबा,” नळ्यांमागून धाकट्याचा आवाज आला, या वेळी मोठ्याने. ऑर्गनच्या मागे शिडीच्या पायऱ्या करकरू लागल्या, एकेक, वरून खाली.