पाचशे अठ्ठावीस

अकराच्या अकरा पेपरांत उत्तर एकच होतं. पाचशे अठ्ठावीस. आणि ते चूक होतं.

ओमप्रकाश सरांनी नववीच्या भूमितीच्या पेपरांचे दोन गठ्ठे मुख्याध्यापिकांच्या टेबलावर ठेवले. एक बाराचा, एक अकराचा.

"बाराजणांनी शंकूच्या गणिताला पाचशे पन्नास लिहिलंय. बरोबर हाय. ह्या अकराजणांचं बघा, मॅडम. नोव्हेंबरात आईबापासंगं ऊसतोडीला गेलेली पोरं. गुढीपाडव्याला उगवली, अन् चाळीसपैकी तीस-तीस मार्काचा पेपर लिहिला. शंकूला मात्र सगळी सारखीच चुकली. कागद फिरलाय. दुसरं काय?"

सर मूळचे पालमचे. एरवी पुस्तकी बोलायचे. राग आला की पालम बाहेर यायचं.

दैवशाला मॅडम शाळेचा वार्षिक तक्ता भरत होत्या. परभणीतली ही सरकारी शाळा तशी लहानच. नववीत मुलं दहा, मुली तेरा. पालकांचा व्यवसाय: मोंढ्यात हमाल चार, घरकाम तीन, भाजीचा गाडा दोन, रिक्षा दोन, देवळासमोर फुलं विकणारी एक. आणि ऊसतोड अकरा. पुढचा रकाना उत्तीर्णचा होता. तो अजून कोरा होता.

अकराजण नापास केले तर दहावीला उरणार बारा. वीसच्या खाली पट गेला तर दहावीचा वर्ग दुसऱ्या शाळेत हलवू, असं पत्र आलंच होतं. पण मॅडमना त्या पत्रापेक्षा दुसरीच काळजी होती. नापास झालेलं पोर पुढच्या हंगामाला कोयता हातात घेतं आणि मग शाळेकडं फिरकत नाही, हे त्यांनी पंधरा वर्षांत फार वेळा पाहिलं होतं.

"नापास करायचे सगळे," सर म्हणाले. "कॉपीला माफी न्हाई."

"सर, आज माझी संकष्टी आहे," मॅडम हळूच म्हणाल्या. "चंद्र दिसेपर्यंत कुणाविषयी वाईट बोलायचं नाही, असा नेम आहे माझा. आधी पोरांना विचारून तर बघू."

नववीच्या वर्गात दोघं गेले तशी पोरं उभी राहिली. मॅडमनी अकरांतल्या हरिओमला फळ्यापाशी बोलावलं.

"ते शंकूचं गणित सोडवून दाखव, बाळा. पेपर न बघता."

हरिओमनं खडू घेतला. शंकू काढला. त्रिज्या सात, उंची चोवीस. मग वर्गाकडं वळला, एक हात कमरेवर ठेवला आणि घसा खाकरून सुरू झाला.

"मंडळी, इकडं ध्यान द्या. शंकूच्या वक्रपृष्ठाला काय लागतं? पाय, त्रिज्या अन् उंची. बावीस सप्तमांश गुणिले सात गुणिले चोवीस. कळलं का? न्हाई कळलं तरी हो म्हणा, म्हंजे मला बरं वाटतं."

वर्ग खो खो हसला. आवाज, खाकरणं, कमरेवरचा हात, सगळं ओमप्रकाश सरांचं होतं. सरांचे कान लाल झाले.

"हे तर माझं बोलणं हाय! तू तवा फडात व्हतास. तुला कोणी शिकिवलं हे?"

"तुमीच की, सर."

"मी?"

पहिल्या बाकावरची भक्ती उठली. हमालाची पोर, कधी एक दिवस शाळा न चुकवणारी. तिचा चेहरा उतरला होता.

"सर, माझी चूक हाय. शाळंत मोबाईल आणायचा न्हाई, ठाऊक हाय मला. तरी आणला. तुमचा तास दप्तराखाली ठिवून भरून घ्यायचे अन् रेणुकाला पाठवायचे. ती बाकीच्यांला ऐकवायची. जप्त करायचा तर करा, पण त्यांला नापास करू नका."

"रोज?"

"रोज, सर."

"आमी मोळ्या बांधता बांधता ऐकायचो," मागून रेणुका म्हणाली. "रेंज न्हाई आली की हा हऱ्या उसाच्या ट्रकवर चढायचा. तुमचे जोक पण पाठ हायत समद्यांला."

सरांचा चेहरा जरा निवळला. पण गणित ते गणित.

"मग तुमी ऐकताना चुकलात. शंकूला तिरकस उंची घ्यायची. पंचवीस. मी कामून चोवीस सांगंन?"

भक्तीनं मॅडमकडं पाहिलं. मॅडमनी मान हलवली. तिनं दप्तरातून मोबाईल काढला, वीस जानेवारीचा तास शोधला आणि लावला.

सरांचाच आवाज आला. "बावीस सप्तमांश गुणिले सात गुणिले चोवीस. कळलं का?" मग पोरांचं हसणं. मग कुणीच काही बोललं नाही. नुसतं खस्स, खस्स झालं. त्यावर खडूची टकटक. आणि पुन्हा सर: "हां. आता घ्या लिहून. उत्तर घरून काढून आणा."

वर्गातल्या बाराजणांनी एकमेकांकडं पाहिलं. त्यांना तो दिवस आठवला.

हरिओम खाली मान घालून म्हणाला, "चोवीस पुसल्यालं आमाला तिकडं दिसलं न्हाई, सर."

मॅडमनी तोंडाला पदर लावला. सर फळ्याकडं बघत राहिले, मग त्या अकरांकडं. आणि पहिलं हसू त्यांनाच फुटलं. असं फुटलं की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"लेकांनो, दोन मार्क माझे गेले. तुमचे न्हाई. दहावीला काही पुसलं तर वरडून सांगत जाईन," ते म्हणाले. "अन् भक्ती, दप्तराखाली आवाज दबतोय. मोबाईल माझ्या टेबलावर ठेवत जा."