डॉक्टर म्हणतात

नर्सने डाव्या पायाचा मोजा काढला. आत आणखी एक मोजा होता. तोही काढला, तेव्हा प्रल्हादरावांची करंगळी आणि शेजारचं बोट काळं पडलेलं दिसलं. डायलिसिसचं मशीन आपलं घुमत होतं. बाजूला त्यांचा मुलगा अतुल बसला होता. गेला महिनाभर बाबा घरातही मोजे घालून का वावरत होते, हे त्याला आत्ता कळत होतं.

राउंडवरच्या डॉक्टर आल्या. पावलावर, मग घोट्यामागे बोटं ठेवून त्यांनी बराच वेळ नाडी शोधली. ती सापडली नाही. त्या इंग्रजीत बोलल्या आणि नेहमीप्रमाणे अतुलने बाबांना मराठीत सांगितलं. पायाच्या रक्तवाहिन्या बंद झाल्यात, डायलिसिसवर असलेल्यांना हा त्रास होतो, आजच सर्जनला दाखवायचंय. पाय गुडघ्याखाली कापावा लागेल बहुतेक, हे मात्र त्याने गिळून टाकलं.

२००५ साली बाबा नागपूरहून अमेरिकेत, प्लेनोला आले तेव्हापासून, म्हणजे तीन वर्षं, हा शिरस्ता होता. डॉक्टरांचं एक वाक्य अतुलच्या मराठीत चार वाक्यांचं व्हायचं. मीठ कमी, लोणचं बंद, आंब्याकडे बघायचंही नाही.

"इंग्रजी भारी आटोपशीर भाषा आहे," बाबा कौतुकाने म्हणायचे.

गेल्या वर्षी नव्या किडनीसाठी वेटिंग लिस्टवर नाव लागलं. घरी जाताना गाडीत अतुलने बजावलं होतं, "डॉक्टर म्हणतात, रोज अर्धा तास चालायचं. जो चालत नाही त्याचं नाव लिस्टवरून काढतात."

दिवसभर सोफ्यावर पडून राहणारा माणूस दुसऱ्या संध्याकाळी बूट घालून दारात उभा. पण चालताना बाबा दर तिसऱ्या घरासमोर थांबायचे. कधी कुणाचे गुलाब बघत, कधी नुसताच मेलबॉक्स. अतुलला वाटायचं, टंगळमंगळ चाललीये. तो पुढून हाक मारायचा, "चला बाबा, लोकांच्या बागा नंतर बघू." बाबा हसून पुन्हा चालू लागायचे.

"चालताना पोटरी कधीपासून दुखते, विचारा त्यांना," डॉक्टर म्हणाल्या.

अतुलने विचारलं.

"झालं असेल वर्ष," बाबा म्हणाले. "तीन घरं गेलं की गोळे येतात. जरा थांबलं की जातात."

"काहून नाही सांगितलं, बाबा?"

"सांगितलं असतं तर चालणं बंद केलं असतं तुम्ही. मग लिस्टवरून नाव गेलं असतं ना? ह्याच डॉक्टर म्हणाल्या होत्या. तूच तर सांगितलंस."

डॉक्टरांनी अतुलकडे पाहिलं. बाबा काय म्हणाले, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. त्या खोलीत मराठी कळणारं तिसरं कुणी नव्हतं. काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. पण समोर ती दोन बोटं होती, आणि त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. बाबा बोलले ते सगळं त्याने जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. डॉक्टरांच्या कपाळावर आठी पडली. त्या सावकाश एकच वाक्य बोलल्या.

"काय म्हणतात?" बाबांनी आशेने विचारलं.

अतुलने त्यांचा थंडगार पाय हातात घेतला.

"डॉक्टर म्हणतात, असं त्या कधीच बोलल्या नव्हत्या."