उठवायचं पान

“काका, सव्वासहा झाले,” सोफ्याच्या टोकाला बसलेला शौकीन म्हणाला. “साडेसहाची बस चुकली, तर दुसरी थेट उद्या सकाळी.”

त्याच्या मांडीवर व्हिडिओ गेमच्या कन्सोलचा रिकामा खोका होता. जुने कन्सोल जमवायचा त्याला नाद. टीव्हीखालचा हा कन्सोल विकत न्यायला तो दोन तासांचा प्रवास करून आला होता.

कारखान्यात लेथ चालवणाऱ्या टर्नरने नुसती मान हलवली. नजर टीव्हीवरून काढली नाही. पडद्यावर काळा राजा शिंगं उगारून उभा होता आणि त्याच्यासमोर टर्नरचं अख्खं घर. पुढे तलवार घेतलेला तो स्वतः, मग जादूगार लेक, मग चोर आई, आणि सगळ्यात मागे पांढऱ्या झग्यातली वैद्य बायको. खेळ पंचवीस वर्षांचा जुना, माणसं नुसती ठोकळ्यांची; पण नावं त्याने घरचीच दिली होती. अकरा महिने कारखान्यातून आला की तो या चौघांना घेऊन रानोमाळ हिंडला होता.

उद्या याच खेळाचा नवा भाग बाजारात यायचा होता. तो चालायचा फक्त नव्या कन्सोलवर, आणि एका टीव्हीखाली दोन डबडी ठेवू देणार नाही, हे बायकोने आधीच सांगून टाकलं होतं. नव्याची वाट तर तोही वर्षभर बघत होता. पण जुना पुरा करूनच हातचा सोडायचा, एवढं त्याने मनाशी ठरवलं होतं. या शेवटच्या किल्ल्यात खेळ सेव्ह करता येत नव्हता. इथे हरलं की पुन्हा दोन तासांची चढण. आणि हातात होती पंधरा मिनिटं.

“सासूबाईंना चोर का केलंत?” दारात उभ्याउभ्या टॉवेलांच्या घड्या घालत बायकोने विचारलं. अकरा महिन्यांत ती आज पहिल्यांदाच पडद्याकडे नीट बघत होती.

“तेवढीच जागा उरली होती.”

“त्यांना माहीत आहे?”

“तू सांगू नकोस म्हणजे झालं.”

काळ्या राजाने आग ओकली. चौघंही होरपळले. वैद्य बायकोने सगळ्यांवर औषध फिरवलं आणि तिची शक्ती शून्यावर आली. पुढच्या आगीत बाकीचे कसेबसे तगले. ती मात्र झग्यासकट आडवी झाली.

“ही कोण पडली?”

टर्नरने अंगठा पँटला पुसला.

“मीच ना?”

शौकीन पुढे सरकला. “काका, पिशवी उघडा बघू.” टर्नरने बटण दाबून पिशवी उघडली. “अहो, औषधाच्या सत्तावीस बाटल्या! एकही फोडली नाहीत?”

“अडीअडचणीला ठेवल्यात.”

“मग ही काय सहल आहे?”

“ही होती ना औषध द्यायला,” टर्नर पुटपुटला.

बायकोने घातलेली घडी मोडली आणि पुन्हा घातली. “म्हणजे इथेही मीच.”

आता बाटल्यांचा काही उपयोग नव्हता. एका बाटलीने भरून यायचं त्याच्या दुप्पट राजाच्या एका फुंकरीत जात होतं. पिशवीच्या तळाशी एक जादूचं पान होतं, लढाईत पडलेल्याला उठवायचं. एकच. लेकीची आणि आईची पाळी होऊन गेली होती. उरला होता तो, आणि त्याचा जीव नऊवर आला होता. राजाही तांबडा पडला होता, म्हणजे तोही मेटाकुटीला आलेला.

“मारा,” शौकीन म्हणाला. “पान देण्यात पाळी घालवलीत, तर पुढच्या आगीत सगळेच जाल.”

“आणि घाव कमी पडला तर?”

“तर तसेही गेलात.”

लेथवर केसाएवढा फरक बोटाने ओळखणारा माणूस तो, पण आता घामाने अंगठा बटणावरून निसटत होता. पान. तलवार. पान. बाण दोन्हींमध्ये खालीवर होत राहिला.

“मारा की,” बायको म्हणाली. “मी काय खरीखुरी पडलेय?”

“आधी मारतो, मग उठवतो तुला.”

“नेहमी असंच करता?”

“हो. लढाई संपली की लगेच उठवतो. एकदाही विसरलेलो नाही.”

ते खरं होतं. त्याने बटण दाबलं.

तलवार चमकली. राजा थरथरला, आणि तसाच उभा राहिला. शौकिनाने डोळे मिटून घेतले. मग राजाच्या पायांचे ठोकळे सुटायला लागले, मग पोटाचे, आणि शेवटी शिंगं हवेतच विरून गेली.

“जिंकलात काका.”

टर्नरचा अंगठा तोवर पिशवीच्या बटणावर गेलाही होता. काही झालं नाही. त्याने परत दाबलं. पडद्यावर किल्ल्याचा दरवाजा आपोआप उघडला, उजेड आत आला. आई चालायला लागली. तिच्यामागे लेक. मग तलवार खांद्यावर टाकून तो. मागे फरशीवर पांढरा झगा तसाच.

“पिशवी उघडत नाही,” तो म्हणाला.

“शेवटच्या लढाईनंतर नाही उघडत, काका. आता नुसतं बघायचं.”

टर्नर दाबत राहिला. खट, खट, खट. बायकोने टॉवेल खुर्चीवर ठेवले आणि त्याच्या शेजारी येऊन बसली. पडद्यावरची तिघं दारापर्यंत पोचली होती.

“दाबू नका आता,” ती म्हणाली. “तुम्ही मागे वळून बघता का, तेवढं बघू दे मला.”