उत्तर न येणारा म्हातारा

"आजोबांना बाहेर बाकावर बसवू या," असं म्हणत वाचनालयाचे व्यवस्थापक दारातच आडवे आले. "शिपाई लक्ष ठेवेल त्यांच्याकडे. गेल्या शनिवारी ते गोष्टीच्या मधेच ओरडले. पालक नाराज आहेत. आज तर पाहुणे आलेत, आणि विषयही केवढा मोठा आहे, बाई! लोककथांमधला ज्येष्ठांचा मान."

दर शनिवारी इथे मुलांना गोष्ट सांगणाऱ्या त्या शाळेतून निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली, तरी सगळे त्यांना बाईच म्हणत. शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्याने त्यांचं मनगट घट्ट धरलं होतं. बायकोचं नाव ते विसरले होते, मनगट धरायला विसरले नव्हते.

"म्हणजे ज्येष्ठ बाहेर बाकावर आणि त्यांचा मान आत, असंच ना?"

"शब्दात पकडू नका, बाई. असंच करणार असाल तर पुढच्या शनिवारपासून मला दुसरी सोय बघावी लागेल."

"बघा की," म्हणत बाई आत शिरल्या आणि पाहुण्यांसाठी राखलेल्या पहिल्या रांगेत त्यांनी नवऱ्याला बसवलं.

मुलं सतरंजीवर दाटीवाटीने बसली होती, मागे पालक. बाईंनी घसा खाकरला आणि गोष्ट सुरू केली. एका राजाने फर्मान काढलं की म्हातारी माणसं नुसती बसून खातात, त्यांना डोंगरात नेऊन सोडा. सगळ्यांनी सोडली. एका मुलाने मात्र आपल्या बापाला तळघरात लपवलं. पुढे शेजारच्या राजाने एक कुलूप पाठवलं, किल्ली नसलेलं. तीन दिवसांत उघडा, नाहीतर राज्य आमचं! शहाणे हरले, लोहार हरले.

"घरी कधी जायचं?" पहिल्या रांगेतून मोठ्याने प्रश्न आला. कोणीतरी फिसकन हसलं.

"ही गोष्ट संपली की जाऊ या हं," बाई शांतपणे म्हणाल्या आणि मुलांकडे वळल्या. "तर मुलगा कुलूप घेऊन तळघरात गेला."

"म्हाताऱ्याने उघडलं!" एक मुलगा ओरडला. त्याला गोष्ट पाठ होती. मागचे पालक कौतुकाने हसले.

बाईंनी पहिल्या रांगेकडे पाहिलं. ही गोष्ट त्यांनी आजवर शंभरदा सांगितली असेल. दर वेळी म्हातारा कुलूप उघडायचा, राजा खजील व्हायचा, टाळ्या पडायच्या. आज त्यांच्या जिभेवर ते येईना.

"नाही उघडलं," त्या म्हणाल्या. "म्हाताऱ्याने कुलूप हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि मुलाला विचारलं, तू कोण?"

सतरंजीवरची चुळबुळ थांबली.

"मुलाने त्याला जेवू घातलं, पांघरूण घातलं आणि तसाच दरबारात गेला. म्हणाला, महाराज, मी बापाला लपवलं होतं, पण त्यालाही उत्तर येत नाही. राजा भडकला. म्हणाला, मग असला म्हातारा ठेवलास कशाला?"

बाई मुलांकडे वाकल्या. "काय सांगितलं असेल मुलाने?"

पुढे बसलेली एक चिमुरडी वैतागून म्हणाली, "अहो, बाबा आहेत ना ते त्याचे!" एवढी साधी गोष्ट मोठ्यांना कळू नये, असा तिचा सूर होता.

"अगदी हेच म्हणाला तो."

"आणि राज्य?"

"गेलं राज्य. बाप राहिला."

टाळ्या पडल्याच नाहीत. खुर्च्या सरकल्या, पालक मुलांना उठवू लागले. "हे काय शिकवायचं मुलांना?" एक पाहुणे जाताजाता पुटपुटले. व्यवस्थापक लालबुंद होऊन पुढे आले, पण त्यांच्या आधी म्हातारा शिपाई बाईंच्या नवऱ्यापाशी पोचला होता.

"मिस्त्री, ओळखलं का मला?" तो वाकून विचारत होता. उत्तर आलं नाही, तसा तो व्यवस्थापकांकडे वळला. "साहेब, तुम्ही नवीन आहात. इथलं एकूण एक कपाट यांच्या हातचं आहे. तीस वर्षांत एक फळी हलली नाही."

व्यवस्थापकांनी भिंतीभर पसरलेल्या कपाटांवरून नजर फिरवली. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "काय हे, बाई! आधी सांगायचं ना! हे माहीत असतं तर मी त्यांना दारात अडवलं असतं का?"

बाई नवऱ्याच्या कोटाची गुंडी लावत होत्या. ती पूर्ण लावून होईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

"म्हणूनच नाही सांगितलं," त्या म्हणाल्या.