सर्दीची गोळी

नळीतली लघवी जांभळी झाली नाही. मुख्याध्यापकांनी नळी खिडकीकडे धरली, हलवली, पुन्हा पाहिली. पिवळी ती पिवळीच.

सुनन्ता बाईंना हायसं वाटलं, आणि नवलही. आठवीतली खिंग थायलंडमधल्या कालासिनच्या ऊसतोडीवाल्यांच्या वस्तीत राहते. तिथे घरात तांदूळ नसला तरी याबाची, नशेची गोळी असते. सकाळी तापाने फणफणलेल्या या पोरीला नर्सबाईंनी सर्दीची गोळी दिली, तर तिने ती थुंकून टाकली आणि नर्सबाईंच्या हाताला कडकडून चावली. नशेत असल्याशिवाय कोणी असं करतं का, म्हणत मुख्याध्यापकांनी तपासणी लावली. जांभळा रंग आला की नाव कमी. त्या वस्तीतली तीन मुलं यंदा अशीच गेली होती.

रंग आला नाही, पण चावा होताच. उद्या सकाळी बापाने येऊन हमी द्यावी, नाहीतर शाळा बंद, असं बजावून मुख्याध्यापक निघून गेले.

खिंग जागची हलली नाही. तिची नजर टेबलावरच्या कपावर होती; नळीत ओतून उरलेली तिची लघवी त्यात होती.

साध्या गोळीला एवढं काय भ्यायचं, बाईंनी विचारलं.

"सर्दीच्या गोळीनेसुद्धा कधीकधी जांभळं होतं, बाई. बाबा मला काहीच घेऊ देत नाहीत. दाढ दुखली तरी नाही."

"पण आज शाळेत तपासणी होणार, हे तुला कुठे ठाऊक होतं?"

"शाळेचं नाही हो."

आज बापाची कचेरीत हजेरी होती. तुरुंगातून सुटकेच्या अटीप्रमाणे दर महिन्याला त्यालाही तिथे तपासणीला कप भरून द्यावा लागतो. तो आता रिकामी बाटली घेऊन फाटकाशी उभा होता. हे सगळं तिने बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं सांगितलं. मग म्हणाली, "आता मला परत लागेल असं वाटत नाही. उरलेलं देता का?"

बाईंनी खिडकीतून फाटकाकडे पाहिलं.

"खिंग, उद्या ते आले नाहीत तर तुझं नाव जाईल. कळतंय ना?"

"म्हणून तर मागतेय, बाई. हे नाही दिलं तर उद्या ते आत असतील. मग येणार कसे?"

बाईंनी कप उचलला. अजून कोमट होता.